वडिलांचं नाव सांभाळणाऱ्या वह्या

दशरथाचं श्राद्ध रामाने नेमकं कुठे केलं, यावर आपल्या तीर्थक्षेत्रांचं एकमत नाही. नाशिककर रामकुंडाकडे बोट दाखवतात. गयेला गेलं तर फल्गूच्या काठी सीतेने दशरथाला वाळूचे पिंड दिल्याची गोष्ट ऐकायला मिळते. आणि उज्जैनमध्ये विचारलं तर उत्तर येतं ते शिप्रेच्या पायऱ्यांवरून: वनवासात रामाने इथेच वडिलांना तिलांजली दिली, म्हणून तर हा राम घाट. तिन्ही गावांचे उपाध्ये आपापल्या कथेवर ठाम असतात, पण दुसऱ्याची खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पडायचं कारणही नाही. यजमान तिन्हीकडे येतो.

कथा बाजूला ठेवली तरी तिच्यावर उभी राहिलेली व्यवस्था कागदावर दिसते, हातात धरता येते. बाप गेला की मुलाने घाटावर यावं. बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घ्यावं. ते कुणीतरी वहीत टिपून ठेवावं आणि वीस-तीस वर्षांनी त्या मुलाचा मुलगा आला की त्याला वाचून दाखवावं. याला ना अनुदान, ना कार्यालय, ना कार्यकारिणी. तरीही राज्यं बुडाली, राजधान्या हलल्या, लिपी बदलली आणि हे चालू राहिलं. बापांसाठी समाजाने आपल्या आपण चालवलेलं इतकं टिकाऊ काम दुसरं शोधायला गेलं तर सहज सापडणार नाही. ते टिकलं कसं, हा प्रश्न भक्तीचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे.

जुनं उज्जैन शिप्रेच्या पूर्व काठावर. हरसिद्धीच्या देवळासमोरच्या दोन उंच दीपमाळा मराठी डोळ्याला लगेच ओळखू येतात. त्या मागे टाकून उताराने खाली आलं की घाट लागतो. समोरच्या काठावर दत्त आखाडा. सिंहस्थात शैव आखाड्यांचं स्नान तिकडे आणि वैष्णवांचं इकडे, अशी वाटणी आहे. पावसाळ्यात नदी चढली की घाटावरची छोटी देवळं पाण्यात जातात, आणि पितृपक्ष नेमका पावसाळ्याच्या शेवटाला येत असल्यामुळे एखाद्या वर्षी पिंडांची ताटं घेऊन चार पायऱ्या वर सरकावं लागतं. घाटावर चित्रगुप्ताचंही देऊळ आहे. यमाच्या दरबारातला हा कारकून, माणसामाणसाची खतावणी ठेवणारा. वह्यांवर चालणाऱ्या धंद्याला याहून योग्य शेजार मिळाला नसता.

उज्जैनच्या कथांमध्ये बाप वारंवार येतो, आणि दर वेळी मेलेलाच असतो असं नाही. सांदीपनींचा आश्रम याच गावातला. शिक्षण संपल्यावर कृष्णाने गुरुदक्षिणा विचारली, तेव्हा गुरूने बुडून गेलेला मुलगा परत मागितला आणि कृष्णाने तो यमाकडून आणून दिला, असं भागवत सांगतं. गावात गयाकोठा नावाचं एक स्थान आहे, तिथेही याच कुटुंबाची आठवण काढली जाते. भैरवगडाजवळ सिद्धवट आहे. प्रयागच्या अक्षयवटाच्या तोडीचा मानला जाणारा हा वड पार्वतीने लावला अशी श्रद्धा आहे. पिंडदानासाठी आलेला माणूस बहुधा राम घाट, गयाकोठा आणि सिद्धवट अशी फेरी करतो. स्कंदपुराणाचा अवंतीखंड या सगळ्या जागांचं माहात्म्य सविस्तर सांगतो. घाटावरच्या उपाध्यायांना त्यातलं हवं तेवढं तोंडपाठ असतं.

मराठी माणूस इथे घाऊक संख्येने आला तो अठराव्या शतकात. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळवा मराठ्यांच्या हातात येऊ लागला आणि राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणं केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. आज उज्जैनचा सिंहस्थ जगभर गाजतो, पण नाशिकच्या साधूंना राणोजींनी आमंत्रण दिलं आणि त्यातून इथला मेळा आजच्या रूपाला आला, असं सांगितलं जातं. शिंदे उज्जैनला, होळकर इंदूर-महेश्वरला, पवार धार आणि देवासला. त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, सावकार, आचारी असा सगळा लवाजमा नर्मदा ओलांडून आला. देशावर आणि कोकणात ज्यांचे बाप पुरले-जाळले गेले होते, त्यांना आता बापाचं नाव घ्यायला जवळची नदी हवी होती. शिप्रा हाताशी होती.

राम घाटावरचे उपाध्ये मूळचे मराठी नव्हते, पण मराठी यजमान मोठा झाला तसे त्यांनी मराठी कुळाचार शिकून घेतले. एक अडचण पंचांगाची होती, ती आजही आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. त्यामुळे पितृपक्षाचा पंधरवडा तोच असतो, पण सातारचा यजमान त्याला भाद्रपद वद्य म्हणतो आणि घाटावरचा उपाध्या आश्विन कृष्ण. वहीत तारीख घालताना कुणाचा महिना धरायचा? जो लिहील त्याचा. जुन्या नोंदींची कालगणना लावताना अभ्यासकांना हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर माणूस एक महिना आधीच मरतो.

आता वही. यजमान पायऱ्यांवर दिसला की पहिला प्रश्न नावाचा नसतो. गाव कुठलं, हा असतो. मग आडनाव आणि जात. तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रांतवार, त्यात गाववार आणि गावात कुळवार लावलेल्या असतात, आणि कुठला प्रांत कुणाच्या घराण्याकडे, हे घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चुकून भलत्याच्या छत्रीखाली बसलेल्या यजमानाला उठवून बरोबर ठिकाणी पोचवलं जातं. क्वचित त्यावरून चांगली भांडणंही होतात. वही लांबट, अरुंद, कापडी पुठ्ठ्याची, दोरीने गुंडाळलेली. जाड कागद, काळी शाई. बोट खाली सरकत जातं आणि एकदम थांबतं. मग उपाध्याय मोठ्याने वाचू लागतो: अमक्याचा मुलगा अमका, त्याचे भाऊ इतके, त्यांच्यातला एक निपुत्रिक, दुसऱ्याची पोरं अमुक गावी. लातूरकडून आलेल्या शेतकऱ्याला आपल्या पणज्याचं नाव पहिल्यांदा कळतं ते असं, चारशे मैल लांब, परक्या हेलाच्या मराठीत.

जुनी नोंद नुसती हजेरी नव्हती, तो एक करार होता. यजमान स्वतःचं नाव, बापआज्याचं नाव, भाऊ, मुलं, बरोबर आलेली माणसं आणि येण्याचं कारण लिही; आणि शेवटी ठरलेल्या घाटणीचं एक वाक्य घाली. त्याचा अर्थ असा की आमच्या वंशातला जो कोणी या क्षेत्री येईल त्याने यांनाच उपाध्ये मानावं. खाली दस्तुर. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं आणि आपली निशाणी करायची. पाटलाची निशाणी नांगराची. म्हणजे त्या दिवशी घाटावर बसलेला माणूस स्वतःच्या नातवाला बांधून घेत होता, जो अजून जन्मलाही नव्हता. नातू आला तर त्याच्यासमोर आज्याचं अक्षर ठेवलं जायचं. आज्याच्या अक्षराला नाही म्हणायची छाती फार थोड्यांची होत असेल.

मराठी नोंदी दीर्घकाळ मोडीत होत. विसाव्या शतकात शाळांतून मोडी गेली, बाळबोध राहिली, आणि अनेक घराण्यांचा वहीशी असलेला धागा तिथे कच्चा झाला: आज्याचं अक्षर समोर आहे, पण ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. घाटावर जे जुने उपाध्ये मोडी जाणतात त्यांचा भाव अजून वेगळा आहे. इतिहास संशोधकांना मात्र या नोंदींचं मोल आधीपासून ठाऊक होतं. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि जुन्या दप्तरांकडे बघायची नजर दिली. त्या नजरेला नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरांतले लेखही दिसू लागले. बखरकार पदरचं घालतो. बापाच्या श्राद्धाला आलेला सरदार आपल्या आज्याचं नाव सहसा खोटं सांगत नाही.

त्या पहिल्या खंडाचा विषय पानिपताच्या आसपासचा होता, आणि पानिपताने बापांच्या नावांचा मोठाच घोळ करून ठेवला होता. शिंद्यांचंच घर घ्या. जयाप्पा १७५५ साली नागोरला दग्याने मारला गेला. दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडला. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपत झालं, त्यात तुकोजी गेला; जयाप्पाचा मुलगा जनकोजी लढाईनंतर मारला गेला. राणोजींच्या मुलांपैकी महादजी तेवढा उरला, तोही पायाने अधू होऊन. हे थोरांचं झालं. हजारो साध्या घरांत तर बाप गेला की आहे, हेच कळायला मार्ग नव्हता. प्रेत नाही, तिथी नाही, पाहिलेला माणूस नाही. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी नवऱ्याचा मृत्यू मानला नाही आणि पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याचं बंड १७७६ साली मोडावं लागलं.

अशा घरांसाठी शास्त्राने वाटा काढून ठेवल्या होत्या. बेपत्ता माणसाची ठरलेली वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातली घातचतुर्दशी. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. नाव सांगायला ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही त्यांच्यासाठीही पिंड असतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध केला, त्यात श्राद्ध आणि तीर्थयात्रा यांचा उभाआडवा तपशील आहे. तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. नियम जेवढे कडक दिसतात तेवढ्याच त्यांत सुटीच्या जागा आहेत. तीर्थावरच्या श्राद्धात तर आवाहन, अर्घ्य असे बरेच सोपस्कार गाळलेलेच. प्रवासाने शिणलेल्या माणसाला झेपेल एवढंच त्याच्याकडून मागायचं, हे कुणीतरी शहाणपणाने ठरवलं असणार.

घाटावरचा विधी पाहिला तरी हे पटतं. यजमान ओल्या पंचाने पायरीवर बसतो. जानवं असेल तर ते उजव्या खांद्यावर घेतो, म्हणजे अपसव्य. बोटात दर्भाचं पवित्रक. पितळी ताटात जवाच्या किंवा तांदळाच्या पिठाचे पिंड, काळे तीळ, थोडं मध-दूध, फुलं. उपाध्याय एकेक नाव मागतो. बाप सहज सांगितला जातो. आजा थोडा विचार करून. पणज्यापाशी बहुतेक जण अडकतात, बायकोकडे किंवा थोरल्या भावाकडे बघतात, कुणी गावाला फोन लावतो. तिथे वही उघडते. आईच्या बाजूलाही आई, आजी, पणजी अशी तीन नावं लागतात, आणि ती तर फारच थोड्यांना येतात. मंत्रांत बायका आहेत. वहीतल्या वंशावळीत मात्र लेक लग्न होऊन गेली की तिची रेघ तिथेच थांबते.

हे सगळं निव्वळ श्रद्धेवर चालत नव्हतं. यजमान ही मालमत्ता होती. घाटावरच्या घराण्यात भाऊ वेगळे झाले की भांडीकुंडी वाटावीत तसे जिल्हे वाटले जात: वऱ्हाड तुझं, खानदेश माझा. मुलगा नसेल तर वह्या जावयाकडे किंवा दत्तकाकडे. गरज पडली तर गहाण, नाहीतर विक्री. ब्रिटिश अंमलात मुंबईच्या न्यायालयांनी वंशपरंपरागत उपाध्येपणाची वृत्ती स्थावर मालमत्तेच्या बरोबरीची धरली, ती याच व्यवहाराला धरून. पुण्यवान लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण वही टिकली ती तिला किंमत होती म्हणून. पुरात घर सोडताना माणूस आधी काय उचलतो? उपाध्यायाच्या घरात वह्यांची पेटी उचलली जायची. तिच्यात बायकोच्या दागिन्यांपेक्षा जास्त उत्पन्न होतं. कुटुंबाच्या नात्यागोत्याचा वाद कोर्टात गेला की हीच वही साक्षीला उभी राही, कारण भांडण सुरू होण्याआधी लिहिलेल्या वंशनोंदीला पुराव्याच्या कायद्यातही जागा होती.

याचा जाच कुणाला होत असेल तो होताच. बापाच्या नावाने पैसे मागितले तर शोकातला मुलगा घासाघीस करत नाही, हे प्रत्येक घाटाला ठाऊक असतं. मराठीत तर या विषयावर फार जुनी आणि धारदार टीका आहे. पैठणच्या एकनाथांची गोष्ट घराघरांत सांगतात: पितरांसाठी रांधलेलं अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महारांना वाढलं, ब्राह्मण रुसून निघून गेले, तेव्हा खुद्द पितरच पानावर येऊन बसले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यामधल्या या दलालीवर बोट ठेवूनच. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर १८९९ साली शाहू महाराजांच्या स्नानाच्या मंत्रांवरून वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. पुढे १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदाच झाला आणि ज्याने भिक्षुकाला बोलावलंच नाही, त्याच्याकडून दक्षिणा वसूल करायचा वंशपरंपरेचा हक्क गेला. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात, त्यामुळे तो कायदा तिथे लागू नव्हता. पण घाटावर येणारा यजमान मुंबई इलाख्यातला होता आणि वारा त्यालाही लागला होता.

वही दिसायला क्षुल्लक. तिच्याशेजारी राजेलोकांनी आपल्या वडीलधाऱ्यांसाठी केलेल्या सोयी ठेवल्या तर फरक डोळ्यांत भरतो. शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला नेली. त्याआधी १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन मारलं होतं, तेव्हापासून गावाचा नूर उतरलेलाच होता. पुढे बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर बांधलं, देणग्या चालू राहिल्या, पण दरबार गेला तो गेला. तिकडे मल्हारराव होळकर १७६६ साली आलमपूरला वारले, तिथे अहिल्याबाईंनी सासऱ्याची छत्री उभारली आणि खर्चाची तजवीज करून दिली. अहिल्याबाईंचं देणं हे भारतभर पसरलेलं: घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं, आणि सगळ्याला लावून दिलेलं खासगी उत्पन्न. कागदावर याहून पक्की योजना करता आली नसती.

१९४८ साली ग्वाल्हेर, इंदूर ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. होळकरांच्या खासगीतल्या धर्मादाय मालमत्तांसाठी १९६२ मध्ये न्यास स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटासारख्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद झाला आणि प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयातून २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कायद्याची बाजू काहीही असो, मोठ्या देणगीचं दुखणं यातून दिसतं. देणारा घराण्यातून उठून गेला की तिच्यावर रोज लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही. राम घाटावरच्या वहीवर लक्ष ठेवणारी माणसं दोन होती, उपाध्याय आणि यजमान, आणि दोघांचाही त्यात स्वार्थ होता.

शिवाय वहीला मोठ्या रकमेची गरजच पडली नाही. यजमान ऐपतीप्रमाणे देई. कुणी गाय, कुणी शिधा, कुणी सव्वा रुपया. दुष्काळाच्या वर्षी कमी, सिंहस्थाच्या वर्षी बक्कळ. दर बारा वर्षांनी सिंह राशीत गुरू आला की वर्षानुवर्षं न फिरकलेली कुळं आपोआप घाटावर येत आणि नोंदी ताज्या होत. कित्येक घराण्यांत उपाध्येच उन्हाळ्या-हिवाळ्यात यजमानांच्या गावी फेरी मारत. कुणाकडे मूल झालं, कोण गेलं, कोण वेगळा राहतो, सगळं वहीत चढवून घेत. गंगाजळ किंवा प्रसाद देत आणि धान्य घेऊन जात. माणूस घाटावर येईना तर घाट त्याच्या दारात.

उत्तरेकडच्या तीर्थांच्या या रस्त्यावरचा सगळ्यात वाचनीय मराठी प्रवासी म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची ओढगस्त होती, म्हणून बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी लागताच ते दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. लुटले गेले, झाशी पाहिली, जीव वाचवत फिरले. मिळवलेला पैसा हाती फारसा राहिला नाही, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी आणली. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला आणि लोक तो बंडाच्या हकिकतीसाठी वाचतात. पण जिवंत बापासाठी तीर्थ वाहून आणणारा मुलगा या सगळ्या परंपरेत दुर्मीळच म्हणायचा.

घाटावरची व्यवस्था बापाची काळजी घेते ती बाप गेल्यावर. दोन पोरं आणि कर्ज असलेल्या, स्वतःच्या बापाकडून मारापलीकडे काही न शिकलेल्या तरुण बापासाठी राम घाटाकडे काही नाही, आणि असावं अशी अपेक्षाही कुणी केली नाही. ते काम फार उशिरा सुरू झालं आणि वेगळ्याच लोकांनी केलं. मुंबईत १९९३ साली ‘मावा’, म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज, ही पुरुषांनी पुरुषांशी बोलण्यासाठी संस्था निघाली. तिचा ‘पुरुष स्पंदन’ हा दिवाळी अंक मराठीत पुरुषपण आणि बापपण यांवर वर्षानुवर्षं लिहवून घेत आला. दिवाळी अंक हा निव्वळ मराठी मार्ग; वर्गणी आणि जाहिरातींवर चालणारा, दरसाल परत येणारा. सरकारी पातळीवर केंद्राच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. स्वीडनने १९७४ सालीच पालकत्वाच्या रजेचा हक्क आई आणि बाप दोघांना दिला, आणि १९९५ मध्ये बापाने घेतली नाही तर बुडेल असा एक महिना राखून ठेवला, तेव्हा कुठे बाप घरी बसू लागले.

बापांसाठीचे आजचे बरेचसे गट प्रकल्पाच्या मुदतीने बांधलेले असतात. तीन वर्षांचा निधी, त्यात गावं निवडायची, बैठका घ्यायच्या, अहवाल पाठवायचा. निधी संपला की बैठकीची सतरंजी गुंडाळली जाते. त्या गटात कोण कोण बसत होतं याची यादी देणगीदाराच्या दप्तरात जाते, गावात राहत नाही. उपाध्यायाच्या वहीत मात्र यादी हाच गाभा होता, आणि ती ज्यांची त्यांना दर खेपेला वाचून दाखवली जाई. वेगळ्या जातीच्या, वेगळ्या ऐपतीच्या शेकडो कुळांशी एकाच घराण्याने पाच-सात पिढ्या ओळख ठेवणं, हे आजच्या कुठल्याही समन्वयकाला हेवा वाटावा असं काम आहे. त्याच ओळखीतून माणसाला जन्माने बांधून टाकणारी उतरंडही आली, ती वेगळी काढता येत नाही.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा अशा ठिकाणच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं काढली. परदेशात वाढलेला नातू आता घरबसल्या पणज्याची सही पाहू शकतो, निदान उत्तरेकडच्या काही कुळांचा तरी. उपाध्यायांना याचं कौतुक बेताचंच असतं. वही दाखवायची असते, द्यायची नसते, कारण पान हातातून गेलं की यजमानाला पायरीवर यायचं कारण उरत नाही.

महाराष्ट्रात नावाचीच मांडणी बदलली आहे. स्वतःचं, बापाचं आणि आडनाव असं तीन पदरी नाव ही मराठी माणसाची कायमची ओळख. चालतीबोलती वंशावळच ती. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक केलं: आधी मूल, मग आई, मग बाप, मग आडनाव. ही मुलं वीस-पंचवीस वर्षांनी घाटावर आली तर वहीत चार नावं लिहितील. काही घरांत मुलीच आईबापाचे पिंड द्यायला येऊ लागल्या आहेत. शास्त्राचा आधार मागणारे मागतात, पण बहुतेक उपाध्ये पंचपात्री पुढे सरकवतात.

२०१४ मध्ये नर्मदेचं पाणी शिप्रेत आणलं गेलं, त्यामुळे २०१६ च्या सिंहस्थाला नदी भरलेली होती. आता २०२८ च्या तयारीत नदीकाठी नवे घाट बांधले जात आहेत आणि इंदूरकडून कान्ह नदीतून येणारं सांडपाणी रोखायची धडपड चालू आहे. घाटावरच्या अनेक घराण्यांतली पोरं शिक्षक, वकील, बँकेत अधिकारी आहेत आणि पितृपक्षात सुट्टी टाकून वडिलांच्या जागेवर बसतात. यजमान बसमधून येतात, दोन तासांत महाकाल आणि घाट उरकतात, दक्षिणा मोबाइलवरून पाठवतात. नव्या नोंदींत गावाच्या नावापुढे फोन नंबर लिहून घेतला जातो. जुन्या वह्यांची पानं ठिसूळ झाली की काही घरांत त्या नव्या कागदावर उतरवून काढतात, आणि मोडीतल्या मजकुरासाठी त्यांना मोडी जाणणाऱ्या मराठी माणसाची गरज लागते. सिंहस्थाच्या आत किती वह्या उतरतील, हे तो माणूस मिळण्यावर ठरणार आहे.